भूकंपाला जात नसते, घराला असते

21 मार्च 2024 ला सकाळी हिंगोलीत 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या घरी आज्जी पुन्हा अंगणात जाऊन बसली. तिला आत आणायला आम्हाला दुपार झाली. ज्यांनी 30 सप्टेंबर 1993 ची पहाट पाहिली आहे, त्यांच्या घरातली माणसं आजही अशीच वागतात.

अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. तीव्रता 6.2, मेलेली माणसं दहा हजारांच्या घरात. आमच्या गावात दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाची हातभर पांढरी माती असलेले वाडे माणसांवर बसले. गावकुसाबाहेरचं आमचं कुडाचं खोपट हललं, कलंडलं, पण कोसळलं नाही. गावात कुणी म्हणालं, देवाचा कोप. आज्जी म्हणायची, "कोप असता तर रे, आधी आमच्यावरच झाला असता. आम्ही तर देवळात बी जात नव्हतो."

हा तर्क जुना आहे. 1934 च्या बिहार भूकंपाला गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं होतं. टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. आम्ही टागोरांच्या बाजूचे आहोत, आणि आमचा एक प्रश्न जास्तीचा आहे: पाप सवर्णांचं, मग ढिगाऱ्याखाली अस्पृश्य का मेले?

विज्ञान याचं सरळ उत्तर देतं. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. तो ताण पट्टाच्या पोटातल्या जुन्या भेगांवरही साठतो. आपल्याकडे या भेगा काळ्या पाषाणाखाली झाकलेल्या आहेत. किल्लारीला शास्त्रज्ञांनी भोक पाडलं, तेव्हा सुमारे 340 मीटर खाली तो पाषाण संपला. अशा भागात मोठा भूकंप हजारो वर्षांतून एकदा येतो, म्हणून माणसाच्या आठवणीत त्याची नोंद नसते. त्यामुळेच 1993 आधी किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. 2002 मध्ये ती तिसऱ्या पट्ट्यात गेली. कोयनेला तर 1967 पासून अभ्यास चालू आहे. तिथे आता 3 किलोमीटर खोल विवर खणून भेगांच्या जवळ जायचा प्रयत्न आहे. तरीही तारीख आणि वेळ कुणालाच सांगता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सांगणारा खोटं बोलतो, हे पक्कं समजा.

सांगता येतं ते एवढंच, की कोणतं घर टिकेल. आणि इथेच जात आत येते. भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. घराचं माप जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना 250 चौरस फूट, सातपर्यंत 400, त्यावर 750. कागदावर कुठेही जात लिहिलेली नव्हती. पण जमीन कुणाकडे होती आणि कुणाकडे नव्हती, हे तुम्हाला-आम्हाला वेगळं सांगायला नको. माणसं सारखीच मेली, घरं मात्र सातबारा बघून मिळाली.

गरिबीनं आम्हाला वाचवलं, असं आम्ही कधीच म्हणणार नाही. कुडाचं घर हलकं होतं म्हणून टिकलं, ते काही आमचं भाग्य नव्हतं. आता आमच्या वस्तीतही स्लॅब आले. वजन आमच्याही डोक्यावर आलं. पण खोल्या वाढवताना गवंड्याला सळईचा हिशोब कोण विचारतो? पायाशी आणि दार-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात उभी सळई, एवढ्यानं भिंत एकसंध राहते. खर्च थोडा वाढतो, जीव वाचतो.

म्हणून मित्रहो, पुढच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली जाईल, तेव्हा नाव आलं का एवढंच विचारू नका. पट्टा आहे का, सळई किती, तपासायला इंजिनिअर कधी येणार, हेही विचारा आणि ठरावात लिहून घ्या. बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं. आज्जीला रात्री घरात निवांत झोप लागावी, एवढं तरी त्या प्रश्नातून निघालं पाहिजे.

जय भीम.