दहापर्यंत मोजायचं

अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं तू काय करायचीस, असं कोणी विचारलं की मी "इंग्रजी शिकवायचे" असं ऐटीत सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, शाळेत वगैरे. शाळाबिळा काही नाही हो. एका चर्चचं तळघर, शनिवारी सकाळी दहा ते बारा, आणि पगार म्हणजे पाण्यासारखी पातळ कॉफी आणि एक डोनट.

२०१२ साली लग्न होऊन ओहायोतल्या कोलंबसला आले ती एच-फोर व्हिसावर. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेला व्हिसा. राहा, खा, गाडी शिका, पण नोकरी करायची नाही. (२०१५ साली नियम थोडा सैल झाला, पण तो सगळ्यांसाठी नव्हता, आणि माझा नंबर लागायला त्यानंतरही बराच वेळ गेला.) फुकट काम करायला मात्र कोणाची ना नव्हती. घरात बसून खिडकीतून बर्फ बघण्याचा कंटाळा आला तेव्हा लायब्ररीतल्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली. परदेशातून आलेल्या लोकांशी इंग्रजीत गप्पा मारायला स्वयंसेवक हवेत.

आता मी मिरजेच्या मराठी शाळेतली. इंग्रजी पाचवीपासून. आमच्या वेळी तसंच होतं, पहिलीपासून इंग्रजी २००० नंतर आलं. अमेरिकेत जाऊन कोणाला इंग्रजी शिकवायचं म्हणजे काशीत जाऊन गंगा विकण्यासारखं. पण तिथल्या मुख्य बाई, एक निवृत्त शिक्षिका (मी मनातल्या मनात त्यांना हेडबाई म्हणायचे), म्हणाल्या, "मला एकच भाषा येते. तू दुसरी भाषा शिकून इथपर्यंत आलीस. या कामाला तू माझ्यापेक्षा जास्त लायक आहेस." मी फुलून गेले.

वर्गाचे नियम दोनच. टेबलावर फक्त इंग्रजी. आणि प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर आपण तोंड उघडायचं नाही. हे दुसरं हेडबाईंचं स्वतःचं खूळ असेल असं मला वाटलं होतं. नंतर कळलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात शाळांचे वर्ग तासन् तास ध्वनिमुद्रित करून हेच तपासलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलं जास्त आणि नीट बोलतात. तीन सेकंद! हेडबाईंनी त्याचे दहा केले होते, कारण आमची "मुलं" साठीची होती.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. समोर एक आजी बसलीय, तुम्ही विचारलंय "आज सकाळी काय खाल्लंत?", ती तुमच्याकडे बघून गोड हसतेय, आणि तुम्ही मनात एक... दोन... तीन... चाराला मला घाम फुटायचा.

घामावरून आठवलं. जानेवारीत एका शनिवारी, आठवडाभराच्या करड्या आभाळानंतर ऊन पडलं होतं, तेव्हा याच आजी दारातून आत येता येता आनंदाने म्हणाल्या, "आज घाम लाग्यो!" बाहेर उणे दहा. मी त्यांच्या कपाळाकडे बघतच राहिले. नेपाळीत घाम म्हणजे ऊन. आणि मला त्या हाक मारायच्या "नानी". नेपाळीत नानी म्हणजे लहान पोर, लेकरू. साठीच्या बाईने तिशीच्या बाईला नानी म्हणायचं, आणि मी त्यांना आमा, म्हणजे आई. देवनागरीतली ही दुसरी भाषा मला तिथे, त्या तळघरात भेटली.

पण आमा नेपाळच्या नव्हत्या. माझ्या टेबलावरचे बहुतेकजण भूतानचे होते. दक्षिण भूतानमधले हे नेपाळी बोलणारे लोक, ल्होत्शाम्पा, पिढ्यान् पिढ्या तिथे शेती करत होते. १९८५ साली भूतानने नागरिकत्वाचा नवा कायदा केला आणि १९८८ च्या जनगणनेत पुरावा मागितला, १९५८ सालचा. त्या सालची शेतसाऱ्याची पावती दाखवा, नाहीतर तुम्ही परके. पुढच्या तीन-चार वर्षांत लाखभर लोक देशाबाहेर गेले. भारतातून ट्रकमधून नेपाळच्या सीमेवर, आणि मग झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत, बांबूच्या झोपड्यांत सतरा-अठरा वर्षं. २००८ पासून त्यांना वेगवेगळ्या देशांत वसवायला सुरुवात झाली, आणि त्यातले बहुतेक अमेरिकेत आले. कोलंबसच्या मोर्स रोडवर त्यांची दुकानं आहेत, गुंद्रुकपासून कुकरच्या रिंगेपर्यंत सगळं मिळतं. मीही कढीपत्त्याला तिथेच जाते.

आमांची संत्र्यांची आणि वेलदोड्यांची बाग होती. गंमत (गंमत कसली!) अशी की सासऱ्यांच्या नावाची १९५८ ची पावती त्यांच्याकडे होती. तरीही जावं लागलं. ती पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून त्यांनी छावणीत जपली आणि २०१० साली अमेरिकेतही आणली. आपल्याकडे सातबारा जपतात तशी. हे सगळं त्यांनी मला हिंदीत सांगितलं.

हो, हिंदीत. तीच तर गोष्ट सांगायचीय.

छावणीत हिंदी सिनेमे बघून बघून आमांची हिंदी चांगली होती. माझी मिरजेची हिंदी, म्हणजे तुम्हाला कल्पना आहेच. पण जुळलं. सुरुवातीला एखादा शब्द अडला की मी हळूच हिंदीत सांगायचे. मग वाक्य. मग हेडबाई दुसऱ्या टेबलाकडे गेल्या की सरळ गप्पाच. सुना, गुडघे, लोणची. त्या माझ्यासाठी सेलरोटी आणायच्या, मी त्यांना चकल्या. आठवडाभर मी नवऱ्याशिवाय आणि फोनशिवाय कोणाशी चार वाक्यं बोललेली नसायचे. खरं सांगायचं तर तो वर्ग आमांसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होता. एकदा हेडबाई म्हणाल्या, "आज तुझ्या टेबलावर फार हसणं चाललं होतं. छान. कुठल्या भाषेत?" मी नुसती हसले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

२०१६ साली आमांची नागरिकत्वाची मुलाखत आली. तिची तयारीही आम्हीच करून घ्यायचो. तेव्हा शंभर प्रश्नांची एक यादी असायची, त्यातले दहापर्यंत विचारायचे आणि सहा बरोबर आले की पास. झेंड्यावर तेरा पट्टे का, पहिला राष्ट्राध्यक्ष कोण, सुझन बी. अँथनीने काय केलं. शिवाय एक वाक्य वाचून दाखवायचं, एक लिहायचं. वयामुळे इंग्रजीतून सूट मिळते, पण त्यासाठी ग्रीनकार्डावर पंधरा किंवा वीस वर्षं काढलेली लागतात. आमांची सहासुद्धा नव्हती. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने एबीसीडी गिरवण्यापासून सुरुवात करून शंभरही उत्तरं पाठ केली, आरतीसारखी, चालीवर. मुलगा शिफ्टवर होता म्हणून माझ्या गाडीतून त्यांना आणि त्यांच्या नातीला मीच मुलाखतीला घेऊन गेले. मला जराही काळजी नव्हती.

वीस-पंचवीस मिनिटांत आमा बाहेर आल्या. हातात एक कागद. नातीने वाचला. यादीतले प्रश्न, सहापैकी सहा. वाचणं पास, लिहिणं पास. इंग्रजी बोलणं आणि समजणं, नापास.

झालं होतं असं की अधिकारी समोर अर्ज ठेवून त्यातलेच प्रश्न विचारतो. ते यादीतले नसतात. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? कधी खोटं बोलून सरकारी मदत घेतली आहे का? तुम्ही अट्टल दारुडे आहात का? (विनोद नाही, हा प्रश्न खरंच अर्जात होता.) यांची उत्तरं साहजिकच "नो". आमा प्रत्येकाला "येस" म्हणाल्या. गोड हसून. त्याने विचारलं, प्रश्न समजला का? येस. मग अटक म्हणजे काय, सांगा. येस.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. नात खिडकीतून बाहेर बघत होती. मला एकेक शनिवार आठवत होता. समजलं? येस, नानी. सोपं आहे ना? येस, नानी. माझ्या टेबलावर "येस" हे उत्तर कायम चालायचं. चेहऱ्यावरून वाटलं की समजलेलं नाही, तर मी लगेच हिंदीत सांगून टाकायचे. तीन वर्षांत "मला समजलं नाही, पुन्हा सांगा" हे एक वाक्य म्हणायची वेळच मी त्यांच्यावर येऊ दिली नव्हती. आणि मला हे कळायला हवं होतं की! मी स्वतः आल्या आल्या दुकानातल्या पोरीने काहीतरी भराभर विचारलं की येस म्हणून मोकळी व्हायचे आणि नको असलेलं क्रेडिट कार्ड घेऊन घरी यायचे.

दुसरी संधी त्याच अर्जावर मिळते, साठ ते नव्वद दिवसांत. मी हेडबाईंना सगळं सांगितलं, हिंदीसकट. मला वाटलं आता त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं. किती शनिवार आहेत आपल्याकडे?"

दहा होते. पहिल्या शनिवारी मी आमांना सांगितलं की आजपासून हिंदी बंद. त्यांना वाटलं मी चिडलेय. पुढचे दोन शनिवार फार वाईट गेले. मी विचारायचे, त्या हसायच्या, मी मोजायचे. दोघी एकमेकींकडे बघत. सेलरोटी आली नाही. मग हेडबाईंनी युक्ती सांगितली, खोटे प्रश्न विचार. मी कॉफीच्या कपाकडे बोट दाखवून विचारलं, ही गाय आहे का? येस. तुम्ही पुरुष आहात का? येस. मी तुमची सासू आहे का? एक, दोन, तीन, चार, पाच... आमांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टेबलावर हात आपटून ओरडल्या, "नो! नो, टीचर!" अख्खं तळघर वळून बघायला लागलं. त्यानंतर त्यांना चटकच लागली. मी काहीही विचारलं की आधी "नो". मग "स्लोली प्लीज". मग "आय डोंट अंडरस्टँड, से अगेन", आणि हे म्हणताना हात असा पुढे करून, ट्रॅफिक पोलिसासारखा.

दुसऱ्या मुलाखतीत अधिकारी बाई होती. भराभर बोलणारी. आमांनी तिला तीनदा थांबवलं, हात पुढे करून. अट्टल दारुड्याच्या प्रश्नाला म्हणे उत्तर दिलं, "नो. माय हजबंड, लिटल." पास झाल्या. शपथविधीला मी गेले होते. प्रमाणपत्र घरी नेऊन त्यांनी त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं, सासऱ्यांच्या पावतीबरोबर.

मी अजून रांगेत आहे. भारतात जन्मलेल्यांची नोकरीच्या ग्रीनकार्डाची रांग किती लांब आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. इतक्या जणांची तयारी करून घेतली, पण मला स्वतःला त्या परीक्षेला बसायची परवानगी नाही. असो. आता तर ऑक्टोबर २०२५ पासून प्रश्नही बदलले, १२८ ची यादी, वीसपर्यंत विचारणार, बारा बरोबर हवेत. जुनी कार्डं फेकून नवी केली. नोकरी लागली तरी शनिवार मी सोडलेला नाही.

मार्च २०२५ मध्ये बातमी आली. काही भूतानी निर्वासितांना, ज्यांच्यावर जुने गुन्हे होते पण जे नागरिक झाले नव्हते, अमेरिकेने थेट भूतानला पाठवून दिलं. ज्या देशाने त्यांना पस्तीस वर्षांपूर्वी काढलं होतं त्याच देशात. आणि भूतानने त्यांना ठेवून न घेता भारताच्या सीमेवर नेऊन सोडलं. तिथून काहीजण नेपाळला, पुन्हा त्याच छावण्यांच्या गावी. मोर्स रोडवरच्या दुकानात त्या आठवड्यात सगळे हळू आवाजात बोलत होते.

त्या रात्री आमांचा फोन आला. मला काय बोलावं सुचेना. तोंडात हिंदी आली होती, ती गिळली आणि मोजायला लागले. सातला त्या बोलल्या. शेजारणीचा मुलगा आहे, कारखान्यात रात्रपाळीला जातो, अजून अर्ज भरलेला नाही. गुन्हाबिन्हा काही नाही, पण घाबरलाय. इंग्रजी फार थोडं येतं आणि सगळ्याला मान डोलावतो.

"सॅटरडे ही कम," आमा म्हणाल्या. "यू टीच हिम नो."

शनिवारी तो आला. रात्रपाळी करून सरळ, डोळे लाल. मी कॉफी दिली आणि कपाकडे बोट दाखवलं.