माद्रिदहून लिस्बनला

रमजानात भाचा माद्रिदहून लिस्बनला गेला. तिकिटावर विमान सुटणार दुपारी ४ वाजता, पोहोचणार ४.२० ला. "५०० किलोमीटर वीस मिनिटांत?" अम्मी चकित. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या तासभर मागे, म्हणजे प्रवास १ तास २० मिनिटांचा, हे मी ऐटीत समजावलं. "इफ्तार लवकर, रोजा लहान," असंही ठोकून दिलं. आणि मी म्हणे शाळेत भूगोलाचेही तास घेतो! लिस्बन पाचेक अंश पश्चिमेला. सूर्य तिथे माद्रिदनंतर वीसेक मिनिटांनी मावळतो. घड्याळात मगरिब लवकर, रोजा मात्र लांबलेला. रात्री चूक कबूल केली. अम्मीने उत्तर न देता फोन मागितला. "बेटा, जवळ खजूर तरी होते ना?"