कातळाचे पारणे

वैशाखाच्या उन्हात रत्नागिरीचा सडा पाहणाऱ्यास तेथे जीवनाची काही खूण दिसत नाही. समुद्राकडून येणारा वारा, पायाखाली तापून काळवंडलेला जांभा दगड, फटींत वाळून पिवळे पडलेले गवत आणि दूरवर एखादे खुरटे करवंदीचे जाळे. एवढेच त्याचे रूप. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराबा’ म्हणून असते. व्यवहाराच्या भाषेत जेथे पीक येत नाही ती जमीन खराब. परंतु याच खराब ठरलेल्या कातळाच्या पोटात, बोटभर मातीच्या आधाराने, शेकडो कंद पुढच्या पावसाची वाट पाहत निजलेले असतात.

हा दगड कोकणच्या परिचयाचा आहे. घराच्या भिंती, विहिरीचे कठडे, मंदिरांची जोती आणि रत्नागिरी शहरातील थिबा राजवाडा यांना ज्याने लाल रंग दिला, तोच हा जांभा. उष्ण व पावसाळी हवेत मूळ खडक दीर्घकाळ कुजत गेला, त्यातील विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे राहिली; त्यांतून तो घडला. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशाने १८०७ साली केरळातील अशाच दगडाचे वर्णन करताना विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचे शास्त्रीय नाव ठेवले. त्याचे चिरे खरोखरच विटांसारखे कापले जातात. तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्याच्यातून झिरपते, आणि त्याचा माथा कठीण असल्यामुळे त्यावर माती फारशी टिकत नाही. सड्यावरील वनस्पतींना एकाच वर्षात दोन टोके सोसावी लागतात ती यामुळे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या काळात मुळे पाण्यात बुडलेली असतात, आणि उरलेले आठ महिने थेंबाचीही आशा नसते.

मृगाच्या सरी आल्या की पंधरवड्यात कातळ हिरवा होतो. आषाढ शुद्ध चतुर्दशीला साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी स्थिर होतात, तेव्हा सड्यावर पावलागणिक अंकुर असतो. पावसाळ्यात भूमी जीवांनी भरून जाते, म्हणून चालणे आवरावे, ही चातुर्मासामागची दृष्टी समजून घ्यायची असेल तर राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे किंवा बारसू येथील सड्यासारखे दुसरे ठिकाण मिळणे कठीण. आरंभी कंदवर्गीय फुले येतात. श्रावण-भाद्रपदात पाणथळ जागी निळसर जांभळ्या सीतेच्या आसवांचा आणि पांढऱ्या गेंदाचा गालिचा पसरतो. कडेकडेने तेरडा फुलतो, कवल्याची पिवळी फुले वाऱ्यावर डोलतात. कार्तिकात चातुर्मास संपतो, साधूंचा विहार पुन्हा सुरू होतो, आणि सड्यावरील बहुतेक संसार तोपर्यंत आटोपलेला असतो.

या फुलांत दोन कुळाचार आहेत. सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे आयुष्य एका पावसाळ्याचे; ती बी सोडून जातात आणि पुढच्या वर्षी नवी पिढी येते. दुसरी मंडळी बहुवर्षायू. पाने वाळली तरी त्यांचा जीव कंदात किंवा गाठीत शिल्लक राहतो. आठ महिने अन्नपाणी न घेता ती तग धरतात आणि पहिल्या सरीने त्यांचे पारणे होते. कळलावी या मंडळीतील, कोलकांदा यांतलाच, पावसाळ्यात भाजी म्हणून बाजारात येणाऱ्या फोडशीच्या जातीही यांतल्याच. परंतु कोकणच्या कातळाची खरी ओळख सांगणारी आहे ती दीपकाडी. गवतासारखी अरुंद पाने, मधून निघालेला सडसडीत दांडा आणि त्यावर शुभ्र फुले. ती पावसाच्या पहिल्या पर्वात उमलते. कोकणपट्टीतील जांभ्या सड्यांपलीकडे तिचा आढळ जवळजवळ नाही. तिच्या शास्त्रीय नावातही कोकण आहे. ते नाव देणारा निकोल डॅलझेल मुंबई इलाख्यात प्रथम जकात खात्यात अधिकारी म्हणून आला होता. व्यापाऱ्यांच्या मालावर नजर ठेवता ठेवता त्याने इलाख्यातील झाडाझुडपांचीही नोंद केली, पुढे तो वनसंरक्षक झाला, आणि अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह १८६१ साली त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ सिद्ध केला.

अशी फुले पाहून येणाऱ्याच्या मनात ती आपल्या अंगणात असावीत अशी इच्छा उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे खुरप्याने कंद उकरून पिशवीत घालणे. जैन कुटुंबात जमीनकंद खाण्याचा निषेध लहान मुलालाही ठाऊक असतो. बटाटा, कांदा, सुरण, रताळे ताटात का येत नाहीत, हे विचारले तर तो सांगेल की कंदात अनंत जीव असतात. तरीही शोभेसाठी कंद उपटताना तो विचार पुष्कळदा घरीच राहतो. जे मुखासाठी वर्ज्य ते डोळ्यांसाठी ग्राह्य कसे ठरेल? शिवाय व्यवहारही याच बाजूचा आहे. सड्यावरील कंद खडकाच्या फटीत ज्या खोलीवर आणि ज्या ओलाव्यात रुजलेला असतो, तशी जागा बागेच्या काळ्या, खतावलेल्या मातीत नसते. रोज पाणी घातले की तो कुजतो. म्हणजे सड्यावरचे झाड गेले आणि अंगणातलेही राहिले नाही.

लेश्यांचा बोध करून देणारे जांभळाच्या झाडाचे चित्र अनेक मंदिरांत व पाठशाळांत लावलेले असते. सहा भुकेले पांथस्थ. एकाला झाड मुळासकट तोडावेसे वाटते, दुसऱ्याला मोठ्या फांद्या, तिसऱ्याला डहाळ्या, चौथ्याला घोस, पाचव्याला केवळ पिकलेली फळे, आणि सहावा म्हणतो की खाली पडलेली वेचली तरी भूक भागेल. पहिल्याची कृष्ण लेश्या, शेवटच्याची शुक्ल. रानफुले घरी आणण्याचेही असेच मार्ग आहेत. कंद उकरणारा पहिल्या पांथस्थाच्या पंक्तीला बसतो. वाळून उकललेल्या बोंडातील बी वेचणारा सहाव्याच्या जवळ जातो. बीही सचित्तच आहे आणि पेरणी करताना माती-पाण्यातील जीवांना बाधा होतेच, हे खरे. श्रावकाचे व्रत अणुव्रत आहे. संपूर्ण अहिंसा त्याला साधत नाही, परंतु परिमाण आणि जयणा यांनी तो हिंसा उणी करू शकतो.

परिमाण येथे असे पाळावे. बी घ्यायचे ते विपुल झाडे असतील तेथूनच, मालकाच्या किंवा ग्रामस्थांच्या संमतीने, आणि दहा बोंडांपैकी एखाद्याचेच. तुरळक झाडे असतील तर काहीच घेऊ नये. दीपकाडीसारख्या मर्यादित टापूतील फुलाचे बी तर आपल्या स्वतःच्या कातळाखेरीज कोठूनही न घेणे उत्तम. नव्याने आरंभ करणाऱ्याने कळलावी निवडावी. ती बांधावर आणि कुंपणाला सहज आढळते, पावसाळ्याअखेर तिच्या शेंगा फुटून शेंदरी बी दिसू लागते. एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. तिचा कंद व बी अत्यंत विषारी असतात. मुलांच्या व गुरांच्या वाटेत ती लावू नये आणि बी हाताळल्यावर हात धुवावेत. याच विषातून औषध निघत असल्यामुळे काष्ठौषधींच्या पेठेत तिच्या बियांना मागणी आहे, आणि तमिळनाडूत शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात. रानातून ओरबाडण्याऐवजी पेरून व्यापार करता येतो, याचा हा एक दाखला.

कुंडी मातीचीच घ्यावी आणि तळाला छिद्र मोठे असावे. जांभ्याची बारीक खडी, भरड वाळू आणि थोडी पालापाचोळ्याची माती एवढे मिश्रण पुरते. शेणखत भरू नये. ज्येष्ठाच्या अखेरीस, पाऊस स्थिरावल्यावर, बी पातळ थराखाली पेरून कुंडी उघड्यावर ठेवावी. कळलावीचे कठीण बी रुजायला कित्येक आठवडे घेते, काही तर पुढच्या पावसालाच उगवते. म्हणून महिन्याभरात कुंडी उलटी करू नये. कंदवर्गीय रोपाला पहिल्या वर्षी बहुधा गवताच्या पात्यासारखे एखादेच पान येते. ते गवत समजून उपटले जाते, आणि पुष्कळांचा प्रयत्न तेथेच संपतो. कुंडीवर नाव व पेरणीची तिथी लिहून ठेवणे म्हणूनच अगत्याचे.

खरी परीक्षा कार्तिकानंतर येते. पान पिवळे पडू लागते आणि घरातील माणसे काळजीपोटी पाणी घालतात. या वनस्पतीला त्या वेळी पाण्याने अपाय होतो. पाने वाळू द्यावीत, कुंडी वळचणीला, पावसाची अवकाळी सर लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी आणि ज्येष्ठापर्यंत विसरून जावी. ती मेलेली नसते. तिचा उपवास चालू असतो. मातीखाली वाटाण्याएवढी गाठ धरलेली असते, दुसऱ्या वर्षी ती थोडी वाढते, आणि फूल येण्यास काही पावसाळे जावे लागतात. दर तिमाहीला हिशेब मिटवणाऱ्या घराला हा कारभार मंद वाटेल, पण पेढी उभी राहण्यास किती पिढ्या लागतात हे त्याच घराला अधिक ठाऊक असते.

काही गोष्टी मात्र कोणत्याही कुंडीत येत नाहीत. सड्यावरील जमिनीत उगवणाऱ्या आमरींचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नसल्यामुळे मातीतील विशिष्ट बुरशीची सोबत लाभल्याशिवाय ते रुजत नाही. सीतेची आसवे पातळ पाण्याच्या थरावाचून जगत नाहीत. त्यांना जगवायचे असेल तर सडाच राखावा लागतो, आणि तोच आज वेगाने संपत आहे.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी पाहिली तर त्यांतील तीन जणू या कातळाला उद्देशून सांगितली आहेत असे वाटते. पहिले स्फोटककर्म, म्हणजे भूमी फोडण्याचा व्यवसाय. चिरेखाणी सड्याचे कवच कापून नेतात. आंब्याच्या बागेसाठी सुरुंग लावून खड्डे पाडले जातात आणि त्यांत बाहेरची माती भरली जाते. दुसरे दवदान, म्हणजे आग लावणे. उन्हाळ्यात सुके गवत पेटते, आणि वारा फिरला तर शेजारची हापूस-काजूची बाग जळून जाते. कोकणातील बागायतदारास वणव्याचे भय निराळे सांगावे लागत नाही. तिसरे सरशोषण, म्हणजे जलाशय आटवणे. सड्यावरील उथळ डबकी बुजवली की त्यांतील फुले जातात, आणि कातळातून झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळणारे पाणीही उणावते. ज्या जिल्ह्यात इतका पाऊस पडतो तेथील काही वाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट सड्याचे मोल सांगण्यास पुरेशी आहे.

याच कातळावर प्राचीन माणसाने आपली चित्रे कोरली. कशेळी येथील सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, बारसू, उक्षी, देवीहसोळ, देवाचे गोठणे येथील आकृती. कोकणातील या कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला. शिल्पाभोवती कठडा बांधता येतो. फुलाभोवती तो पुरत नाही, कारण त्याला चारी बाजूंचा उतार, पाणी आणि मधमाशी लागते.

अनेक व्यापारी कुटुंबांच्या मालकीच्या बागा आणि मोकळे भूखंड याच पट्ट्यात आहेत. संपूर्ण जमीन सोडून द्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु परिग्रहाचे परिमाण ठरवताना जसा एक आकडा लिहिला जातो, तसा बागेतील कातळाचा एक तुकडा न फोडण्याचा, न पेटवण्याचा आणि त्यावर माती न टाकण्याचा नियम घेता येईल. चातुर्मासात इतर अनेक नियम घेतले जातात. त्यांत हा एक अधिक. त्या तुकड्यावरील फुले मोजण्याचे काम घरातील मुलांकडे द्यावे, आणि तेथे झाडे भरपूर झाली तर त्यांचेच मूठभर बी कुंडीत पेरावे. मग ज्येष्ठात, वळचणीच्या कोरड्या मातीतून एक हिरवे पाते वर आले की घरातील लहान मूल आजीला हाक मारून विचारील, “हिचं पारणं झालं का?” आणि आजीला त्याचे उत्तर देता येईल.