चाकणच्या वरचं पुणे

चाकणच्या तळेगाव चौकातला जॅम पार केलात, म्हणजे गंगेत घोडं न्हालं! पुढे राजगुरुनगर, मग मंचर. मंचरला डावीकडे वळायचं. घोडेगाव गेलं की प्लॉटिंगच्या जाहिराती मागे पडतात आणि समोर सह्याद्री उभा राहतो.

हा भीमाशंकरचा रस्ता. आपला वीकेंडचा प्रोग्रॅम ठरलेला असतो : दर्शन, कांदाभजी, शेकरू दिसलीच तर एक फोटो आणि रिटर्न. गेल्या मे महिन्यात मी देवळापर्यंत गेलोच नाही. आमच्या प्लांटमधल्या एका मुलाच्या वाडीवर दोन दिवस राहिलो.

खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा हा डोंगरपट्टा म्हणजे पुणे जिल्ह्याचं उत्तर टोक. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आदिवासींची. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस. राब भाजून केलेला भात, उतारावर नाचणी आणि वरई. पण हे सगळं घरी खायला. हातात रोख पैसा येतो तो हिरड्याचा!

हिरडा म्हणजे आपल्या त्रिफळा चूर्णातला एक भिडू. एप्रिल-मेमध्ये कोवळी फळं काढून वाळवायची, की झाला बाळहिरडा. तो औषधांसाठी विकला जातो. अंगणभर काळीभोर फळं पसरलेली, आणि मुलाची आजी हातात काठी घेऊन कोंबड्या हाकलत बसलेली. ‘‘दादा, पाय जपून टाका, वर्षाचा किराणा हाय तो,’’ आजी म्हणाली. हिरडा लावला आणि लगेच फळला, असं होत नाही. आजोबांच्या झाडावर नातू चढतो. या घरात तर भावाभावांत जमिनीसारखी झाडंसुद्धा वाटलेली आहेत.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. कोकणातल्या नारळ-सुपारीच्या बातम्या आपण पाहिल्या. इथले आडवे झालेले हिरडे आपल्यापर्यंत फारसे पोहोचलेच नाहीत. भरपाईसाठी इथल्या लोकांना किसान सभेबरोबर वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. आमच्या या मुलाच्या घरची निम्मी झाडं गेली आणि तो चाकणला कॉन्ट्रॅक्टवर लागला. एका खोलीत सहा जण, अकरा महिन्यांनी ब्रेक. उरलेल्या झाडांमुळे ब्रेकचा महिना निघतो, म्हणाला.

पाण्याची गोष्टही अशीच. घोड नदीवरचं डिंभे धरण इथलंच. तालुक्याला ज्याचं नाव, ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली गेलं. कालव्यातून पाणी जातं ते पूर्वेकडच्या सपाट शेतांना. वर वाडीत मात्र उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यापर्यंत उतरतात. धरणग्रस्तांच्या वाट्याला आली जलाशयातली मासेमारी. दुपारच्या जेवणात त्यातलाच मासा होता, नाचणीच्या भाकरीबरोबर. एकदम झकास!

जवळच माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या पहाटे डोंगर खचला आणि 151 माणसं गेली. सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरला रस्त्यावरून गाव दिसलंच नाही, तेव्हा जगाला कळलं. नवं माळीण आमडे इथे वसलं, 2017 मध्ये लोकांना घरं मिळाली. स्मृतिस्तंभाशी गेलात, तर मोबाइल खिशातच ठेवा.

जायचं असेल तर जून-जुलैच्या धुक्याची वाट पाहू नका. उन्हाळ्यात जा. हिरवळ नसते, पण माणसं कशावर जगतात ते दिसतं. येताना हातसडीचा तांदूळ घ्या आणि घासाघीस करू नका.

आणि हो, मे महिन्यात तुमच्या लाइनवरचा एखादा पोरगा चार दिवस सुट्टी मागेल. ‘‘काय रे, लग्न आहे का गावी?’’ असं आपण विचारतो. लग्न नसतं. हिरडा असतो. सुट्टी देऊन टाका, बॉस.