वस्तादांचं देणं

हिंद केसरी गणपतराव आंदळकर १६ सप्टेंबर २०१८ रोजी गेले. वय ८३. गौरी-गणपतीचे दिवस, त्यात रविवार. दुसऱ्या दिवशी मी वाशीच्या एपीएमसी मार्केटात गेलो. माथाडी कामातून निवृत्त झाल्यापासून कांदा-बटाटा मार्केटात माझं काही काम नसतं, पण त्या दिवशी आपल्या माणसांत बसावंसं वाटलं. शिराळा, पाटण, जावळी, कोरेगावची माणसं तिथं हमखास भेटतात, आणि त्यांतल्या पन्नाशीपुढच्या कुणालाही आंदळकर कोण हे सांगावं लागत नाही. आमच्या जुन्या टोळीतले निम्मे लोक सणाला गावी गेलेले. जे होते त्यांच्याबरोबर चहा घेतला आणि दुपारपर्यंत एकाच माणसाबद्दल बोलत राहिलो.

आंदळकर आमच्या शिराळा तालुक्यातले, पुनवतचे. १९६० साली ते हिंद केसरी झाले. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात त्यांची कुस्ती असली की वारणाकाठची माणसं भाकरी बांधून निघत. पण मला मोठं वाटतं ते १९६२ चं जकार्ता. तिथल्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य जिंकलं. कुस्ती खेळलेल्या माणसालाच त्या सुवर्णाचं वजन कळेल. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरायचं नाही, पायाचा डाव टाकायचा नाही. मातीतल्या मल्लाचे निम्मे डाव तर पायावरच. पट काढायचा नाही, टांग मारायची नाही, म्हणजे जन्मभर कमावलेली निम्मी विद्या आखाड्याबाहेर ठेवून उभं राहायचं. तशा कुस्तीत हा आमच्या डोंगराकडचा गडी आशियात पहिला आला. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणलं. एकाच सांगली जिल्ह्यातले हे दोघे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. तालमीच्या दारात मोठी माणसं ही बातमी एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि जो तो आपण पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं ऐकत होता.

पुढं १९६४ ला ते टोकियो ऑलिंपिकला गेले, त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. तोवर आम्ही पोरं लंगोट लावून तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरलो होतो. गावच्या यात्रेत रेवड्यांवर, मग नारळावर आणि पुढं थोड्या रुपयांच्या इनामावर मी कुस्त्या केल्या. थोरला चुलता एकदा मला कोल्हापूरला घेऊन गेला. मोतीबाग तालमीत आंदळकर वस्ताद होते. हौद्याच्या कडेला उभं राहून ते एका पोराची जोड बघत होते. त्या पोराचा मागचा पाय सारखा चुकत होता. वस्तादांनी त्याला थांबवलं, वाकून त्याचा पाय हातानं धरून जागेवर ठेवला. पोरानं परत डाव केला, परत पाय चुकला. वस्ताद परत वाकले. किती वेळ हे चाललं होतं कोण जाणे. ज्या हातांनी आशियातले मल्ल उचलले, ते हात एका अनोळखी पोराच्या टाचेखालची माती सारखी करत होते. मी त्यांच्याशी एक शब्दही बोललो नाही. लांबूनच हात जोडले.

बहात्तरच्या दुष्काळात दारची म्हैस विकली. पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात. घरात भाकरीची पंचाईत असताना खुराक कुठून येणार? चुलत्यानं मुंबईचा रस्ता दाखवला आणि मी मशीद बंदरला कांदा-बटाट्याच्या बाजारात पोती उचलायला लागलो. माझ्यासारखे तालमीतून आलेले तिथं पुष्कळ होते. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामुळं १९६९ साली माथाडी कायदा झाला होता. माथाडी बोर्डात नाव लागलं, वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी ठरलेल्या दरानं मिळू लागली, पुढं फंड आणि बोनसही मिळाला. अण्णासाहेबांचं ऋण आम्ही सगळेच मानतो. दर २५ सप्टेंबरला त्यांच्या जयंतीचा मेळावा होतो, त्याला गर्दी जमते ती मनापासून.

आंदळकरांचं ऋण मात्र माझ्या एकट्याच्या खात्यावर आहे. त्यांचे शिष्य दादू चौगुले यांनी १९७४ ला क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकलं. खोलीवर आम्ही रात्री तेच बोलत होतो. त्या रात्री मला तो पोराचा पाय आठवला, आणि वस्ताद वाकलेले आठवले. स्वतःचं नाव एवढं झाल्यावर माणूस दुसऱ्याच्या पोरासाठी वाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

बाजार वाशीला आला, आम्हीही त्याच्या मागं आलो. कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत घर झालं, पुढं मी टोळीचा मुकादम झालो. गावाकडून नवी पोरं यायची. अंगात रग असायची, पण पोतं कसं घ्यावं ते कळायचं नाही. ट्रकच्या फळीवर घाईनं पाय टाकायची, ओझं मानेवर ओढून घ्यायची. पहिल्या पावसाळ्यातच कुणाची कंबर जायची, कुणाचा गुडघा. बाजारात रीत अशी की पोरानं पडत-झडत शिकावं. मला ती रीत पटली नाही. गाडी उभी असली, गाळ्यावरून हाका येत असल्या, तरी मी नव्या पोराला बाजूला घ्यायचो. आधी रिकाम्या हातानं फळीवर चालायला लावायचो. पाय कुठं ठेवायचा, गुडघ्यातून कसं उठायचं, थप्पी लावताना कमरेत का वळायचं नाही, हे पुन्हा पुन्हा करून घ्यायचो. चुकला की वाकून त्याचा पाय हातानं धरून सरकवायचो. टोळीतले म्हणायचे, मुकादम, आपली वाराई बुडतीय. मी म्हणायचो, बुडू द्या थोडी. त्या पोरांतले काही आज स्वतः मुकादम आहेत, त्यांच्या पाठी शाबूत आहेत.

हे मला कुणी शिकवलं, तर आंदळकरांनी. त्यांना मात्र हे कधीच कळलं नाही. एखादं पत्र टाकता आलं असतं, एखाद्या मैदानात ते पाहुणे असताना पुढं होऊन पाया पडता आलं असतं. तो दिवस टळत गेला आणि मग ती बातमी आली. म्हणून आता हे लिहून ठेवतोय.

सुवर्णपदकवाले आपल्याकडं पुढंही होतील, व्हावेत. पण पदक मिळाल्यावर जन्मभर हौद्याच्या कडेला उभा राहणारा माणूस मला जास्त मोठा वाटतो. खेळाडू म्हणून त्यांची बरोबरी करणारे निघतील, वस्ताद म्हणून मला तरी दुसरा दिसला नाही.

मार्केटातल्या माझ्या भावांनो, यात्रेच्या मैदानाला आपण सगळे सढळ हातानं वर्गणी देतो. शेवटच्या कुस्तीच्या इनामाचा आकडा दरवर्षी वाढतो आणि हलगीही जोरात वाजते. त्या वर्गणीतले थोडे पैसे आधीच बाजूला काढा आणि गावच्या तालमीत जोर मारणाऱ्या पोरांच्या दुधासाठी द्या. एखाद्या पोराची म्हैस विकली गेली, तरी त्याची तालीम सुटू देऊ नका.