टोकं वाळलेलं गवत

मंडळी, गेल्या जुलैत लेकीकडे स्वित्झर्लंडला होते. एका रविवारी ती मला फुर्का खिंडीत घेऊन गेली. उंची २,४२९ मीटर! सगळे शिखरांचे फोटो काढत होते आणि मी आपली पायाखाली बघत होते, गुडघ्यांमुळे.. उतारभर तपकिरी गवत. म्हटलं, ऐन उन्हाळ्यात बिचारं वाळून गेलं की!

लेक म्हणाली, "आई, ते मेलेलं नाही. असंच असतं." मग मोबाईलवर वाचून दाखवलं.

नाव कॅरेक्स कुर्व्हुला. कुर्व्हुला म्हणजे किंचित वाकडी. पात्याचं टोक वाळून वाकतं, त्यावर बुरशीही धरते, पण पातं बुडाकडून वाढतच राहतं. आणि हे गवत नव्हेच, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. पुरात वाचणारा लव्हाळा मी वर्गात किती वर्षं शिकवला, त्याचा हा डोंगरातला चुलतभाऊ!

याच खिंडीजवळ शास्त्रज्ञांनी एक ताटवा तपासला. १९९६ साली तो अभ्यास छापून आला. सात हजारांहून जास्त कोंब, सगळे मिळून एकच रोप. ते वर्षाला जेमतेम ०.४ मिलिमीटर पसरतं. त्या हिशोबाने वय निघालं सुमारे २,००० वर्षं. म्हणजे आपल्याकडे सातवाहन होते तेव्हापासूनचं! मधे थंडीचे, उबेचे कितीतरी काळ आले नि गेले, यानं जागा सोडली नाही.

मला आयताच मुद्दा मिळाला. "कायमची इकडे ये" हे लेकीचं पालुपद, हे गेल्यापासून चालूच आहे. म्हटलं, "बघ, याला कोणी म्हणतं का घर बंद करून चल?"

ती म्हणाली, "त्याला पाय नाहीत, आई. तुला आहेत."

यावर मला काही बोलता येईना. कारण डिसेंबरात मी न्हाणीघरात पडले होते. दूधवाला येईपर्यंत दोन तास तशीच पडून होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिथे, त्या गवताशेजारी बसून तिला सांगितलं. ती रागावली नाही, नुसता हात धरून बसली.

नातेवाईकांनो, तुम्हालाही हे इथेच कळतंय, रागावू नका. आता एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे असते आणि रोज सकाळी सातला लेकीचा फोन येतो. कायमचं जायचं का, ते अजून ठरलेलं नाही.

टोकं वाळली आहेत, एवढं मात्र कबूल केलंय.