आमचें नाक

मराठी भाषेनें नाकाचा जेवढा मान राखिला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियाचा राखिला नसेल. अब्रू जावयाची ती नाक कापून, शरण यावयाचें तें नाक घासून, दुसऱ्यास छळावयाचें तें त्याच्या नाकीं नऊ आणून. सोंवळेपणा मिरवावयाचा तर नाकानें कांदे सोलावयाचे. इतके वाक्प्रचार आहेत, पण त्यांत वास घेण्याचें नांव नाहीं! कांदा नाकापर्यंत पोंचतो, तोहि सोलण्यासाठीं. हें आमच्या ध्यानांत यावयास वयाचीं त्रेपन्न वर्षें लागलीं, आणि तेंहि आमचें स्वतःचें नाक निकामी झाल्यावर.

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांतली गोष्ट. कोरोनाची दुसरी लाट चंद्रपुरांत अशी उसळली होती कीं, दवाखान्यांत खाट मिळणें हेंच भाग्याचें लक्षण झालें होतें. आम्हां उभयतांस दोन दिवस ताप आला व गेला. स्वस्तांत सुटलों, असें आम्हीं मनांत म्हटलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं स्वयंपाकघराच्या दाराशीं आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों, तोंच सौभाग्यवती आंतून धांवत आल्या. "अहो, दूध करपून कोळसा झालं! तुम्ही इथंच बसलां होतां ना?" बसलों होतों खरे. घरभर धूर होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतें. वास मात्र नव्हता. मग हिंगाची डबी, कापूर, उदबत्ती एकामागून एक नाकाशीं धरिली. सगळीं सारखींच. डोकेदुखीचें मलम हुंगलें तेव्हां नाकांत थंडगार झोंबलें, पण तें झोंबणेंच, वास नव्हे. त्याची वर्दी मेंदूस देणारी नसच निराळी आहे. म्हणजे नाकाला मिरच्या झोंबण्याची आमची सोय तेवढी शाबूत राहिली होती.

वास जाणें हें या रोगाचें एक लक्षण म्हणून भारत सरकारनें जून २०२० मध्यें मान्य केलें होतें, त्यामुळें चांचणीचा निकाल येण्यापूर्वींच शेजाऱ्यांनीं आमचें निदान करून टाकिलें. अंथरुणावर पडल्यापडल्या आम्हीं या विषयावर जें हातीं लागलें तें वाचून काढिलें. विषाणु वासाच्या मज्जातंतूंसच ग्रासीत असावा, अशी आमची समजूत होती. तसें नाहीं. ज्या पेशी वास ओळखतात त्यांत शिरावयास या विषाणूला लागणारें दार सहसा नसतेंच. तें त्यांच्याभोंवतीं उभ्या असलेल्या आधारपेशींस असतें, असें संशोधकांस २०२० सालींच आढळून आलें. या आधारपेशी आजारी पडल्या कीं, वास ओळखणाऱ्या पेशी जाग्यावर असूनहि मुक्या होतात. कॉलेजांत प्रोफेसर सगळे हजर असावेत, आणि शिपाई व कारकून आजारी पडल्यामुळें कॉलेज बंद राहावें, तसाच हा प्रकार. (याच्या उलट घडलें तर कॉलेज बिनधोक चालतें, हा आमचा अनुभव.)

आधारपेशी पुन्हां उत्पन्न होतात, म्हणून बहुतेकांस थोड्या आठवड्यांत वास येऊं लागतो. आम्हांस येईना. पृथ्वीचें लक्षण गंध, हें नैयायिकांचें मत आम्हीं पंचवीस वर्षें वर्गांत सांगत आलों. त्या जूनमध्यें मृगाचा पहिला पाऊस पडला, शेजारचीं मुलें मातीचा वास आला म्हणून अंगणांत नाचूं लागलीं, आणि आम्ही खिडकींत उभे राहून लक्षणावांचूनची पृथ्वी पाहत होतों. आई गेली तिचा चेहरा डोळे मिटून दिसतो, आवाजहि आठवतो. पण तिच्या पदराचा वास कितीहि ताण दिला तरी आठवून येत नाहीं. वास स्वतः समोर यावा लागतो.

दिवाळीच्या सुमारास तो परतला, पण वेषांतर करून. कॉफीला जळक्या रबराचा वास येई, फोडणींतल्या कांद्यानें मळमळे. डॉक्टरांनीं नाकाचा व्यायाम सांगितला. ड्रेस्डेनच्या हुमेल नांवाच्या पंडितानें २००९ सालीं प्रसिद्ध केलेली ही रीत: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ मन लावून हुंगावयाचे, निदान बारा आठवडे. आमचा हा नवा संध्याविधि पाहून सौभाग्यवतींस हंसूं आवरेना.

पुढच्या एप्रिलांत एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहानें आम्ही त्याच्या गांवीं गेलों. मूल, सावली करीत वैनगंगेचा पूल ओलांडला आणि गडचिरोलीवरून आरमोरीकडे वळलों. मोहाचा हंगाम ऐन भरांत होता. गडचिरोलींत दारूबंदी १९९३ पासून आहे. तरी मोहाचा तो गोड, दाट वास तेथील सज्जनांसहि उपजत ओळखीचा. अंगणांत फुलें वाळत घातलीं होतीं. आम्हीं मूठभर उचलून हुंगलीं आणि हळूच परत ठेविलीं. विद्यार्थ्याची आई पाहत होती.

"येत नाई ना जी? मलेबी येत नाई. मागल्या सालच्या तापापासून."

समदुःखी भेटल्याचा आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडा आनंदच झाला. आम्ही कॉफीचें गाऱ्हाणें सांगूं लागलों. बाईचें गाऱ्हाणें दुसरेंच होतें. मोहाचें फूल रात्रीं गळतें; तें पहाटे वेंचलें तर आपलें, नाहीं तर हरणा-माकडांचें. प्रत्येक घराचीं झाडें ठरलेलीं, त्यामुळें बायका एकमेकींपासून दूर पांगतात. अस्वलास तर हें फूल जीव कीं प्राण. या हंगामांत वाघानें माणूस मारल्याची बातमी आमच्या वर्तमानपत्रांत दरसाल येते. आम्ही ती चहाबरोबर वाचतों. बाई अंधारांत जाई ती नाकाच्या भरंवशावर. "वाघ गेला असला का शिजल्या भातावानी वास येते. आता मले समजतच नाई."

आम्हांस ती कविकल्पना वाटली. पुढें वाचनांत आलें कीं, वाघ ज्या फवाऱ्यानें आपली हद्द आंखतो त्यांत सुवासिक तांदळाला वास देणारें द्रव्यच असतें; कलकत्त्याचे जीवशास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनीं तें शोधून काढिलें.

"मग आतां कशा जातां?"

"नातीले संगं नेतो जी. तिचं नाक चांगलं आहे."

नात नऊ वर्षांची. ती ओट्यावर बसून पाटीवर कांहींतरी काढीत होती. आम्हीं घाईघाईनें हुमेलसाहेबांचा व्यायाम बाईला समजावून सांगितला. लवंगा, लिंबू, सगळें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "त्या चार वासांत अस्वल कुठं आहे जी?"

आमचें नाक पुढील वर्षीं बरेंचसें सुधारलें. कॉफी कॉफीसारखी लागते. बाईचा वास परतला नाहीं. नात आतां आश्रमशाळेच्या वसतिगृहांत असते, आणि बाई ऊन वर आल्यावर एकटी जाते. टोपली अर्धीच भरते, असें तिचा मुलगा सांगत होता.